‘पियानो मागितला, कीबोर्ड गळ्यात मारला’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंत की, घरी सरावाला स्वस्त, आटोपशीर पियानो मागितला तर आम्ही ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड दिला, आठ महिन्यांनी सर म्हणतात यावर पुढं शिकता येणार नाही, ८८ पट्ट्यांचा पियानो आम्ही लपवून ठेवला आणि स्टँडचे पैसे वेगळे घेतले.

कीबोर्डच्या बाबतीत चूक माझी आहे. तुम्ही उदगीरहून लातूरला आमच्या दुकानात आलात, मी जागा विचारली, बजेट विचारलं. लेक कीबोर्ड शिकणार की पियानो, हे मात्र विचारलंच नाही. डेमो लावला, तबल्याचा ताल ऐकून ती टाळ्या वाजवायला लागली आणि मी पावती फाडली.

खरा फरक आवाजात नाही, पट्टीत आहे. साध्या कीबोर्डच्या पट्टीला स्प्रिंग असते, बोट टेकलं की ती खाली जाते. पियानोची पट्टी दाबली की आत हातोडी उचलली जाते आणि ते वजन बोटाला पेलावं लागतं. खर्जाच्या, म्हणजे डावीकडच्या पट्ट्या आणखी जड. ‘हॅमर अ‍ॅक्शन’च्या डिजिटल पियानोत हे वजन मुद्दाम दिलेलं असतं. घरी बिनचूक वाजवणारी तुमची लेक क्लासमधल्या पियानोवर अडखळते, ती यामुळं. तिची मेहनत कमी पडलेली नाही, एवढं तिला नक्की सांगा.

लपवलं मात्र काही नाही. ८८ पट्ट्यांचा कॅसिओ सीडीपी-एस११० तिथंच कव्हरखाली होता. दिवाणाशेजारी साडेतीन फूट जागा आहे म्हणालात आणि तो १३२ सेंटिमीटर, म्हणजे सव्वाचार फुटांहून थोडा जास्त लांब, म्हणून मी कव्हर काढलं नाही. पण त्याची रुंदी २३ सेंटिमीटर, जेमतेम वीतभर! वजन साडेदहा किलो. समोरच्या भिंतीला सहज लागला असता. लाईट गेली तर सहा पेन्सिल सेलवर चालतो, रात्री हेडफोन लावला की शेजारी अभ्यास करणाऱ्या पोरांनाही त्रास नाही. हे सगळं मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

स्टँड खोक्यात येत नाही, ते मी सांगितलं होतं आणि पावतीवरही वेगळं लिहिलंय. पण ते घेतलंत ते बरं केलंत. जेवणाच्या टेबलाची उंचीच अडीच फूट, वर वाद्याची तीन-चार इंच, मग पोरीचे खांदे वर चढतात. कोपर पट्ट्यांच्या पातळीत यायला हवं. शहाबादी फरशीवर पायानं दाबायचं पेडल सरकतं, त्याच्याखाली जुन्या चटईचा तुकडा टाका.

आता तुमचा कीबोर्ड मी परत घेतो. आठ महिने वापरलाय, तरी दिलेल्या किमतीतून फक्त दोन हजार वजा करीन, बाकी रक्कम पियानोच्या बिलात धरीन. पावती हरवली असली तरी चालेल, आमच्या वहीत नोंद आहे. लेकीला सोबत आणा, जमलं तर तिच्या सरांनाही. तिला खुर्चीवर बसून अर्धा तास तिचे धडे वाजवू द्या आणि मगच ठरवा. या वेळी डेमो लावणार नाही.