इंडियानाला नावं ठेवणाऱ्यांनो, हा सीझन जरा नीट बघा

काल रात्री, २० जानेवारी २०२५ ला, फायनलमध्ये ओहायो स्टेटनं नोटर डेमला ३४-२३ हरवलं आणि अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा २०२४ चा सीझन एकदाचा संपला. आता मला मनातलं बोलू द्या, कारण गेला महिनाभर टीव्हीवर, ट्विटरवर, ऑफिसात जिथे तिथे एकच ऐकतेय की इंडियाना युनिव्हर्सिटीची टीम प्लेऑफच्या, म्हणजे नॅशनल चॅम्पियन ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांच्या, लायकीचीच नव्हती, शेड्यूल सोपं मिळालं म्हणून ११ मॅच जिंकले. अहो, आमची टीम अख्ख्या सीझनमध्ये हरली दोनच मॅच. एक ओहायो स्टेटशी, दुसरी नोटर डेमशी. म्हणजे काल फायनलला जे दोघं उभे होते नेमके त्यांच्याशीच, आणि दोन्ही मॅच त्यांच्या घरच्या मैदानावर!

भारतातल्या मित्रमैत्रिणींनो, हे आपलं पायानं खेळायचं फुटबॉल नव्हे, हेल्मेट घालून धडका मारतात ते. इथे कॉलेजच्या टीमसाठी लोक जीव टाकतात, लाखभर माणसं मावतील अशी स्टेडियम्स आहेत. आधी प्लेऑफला चारच टीम घ्यायचे, यंदा पहिल्यांदा बारा घेतल्या.

आणि त्या बारात इंडियाना! ज्यांनी आमच्या युनिव्हर्सिटीचं गाव ब्लूमिंग्टन पाहिलंय त्यांनाच कळेल हे केवढं आहे ते. ते गाव बास्केटबॉलचं. बास्केटबॉल कोच बॉबी नाइटचं गाव, बास्केटबॉलच्या पाच नॅशनल चॅम्पियनशिप. फुटबॉल म्हणजे नुसती हार, ७०० च्या वर मॅच हरलेले, वरच्या डिव्हिजनमध्ये इतक्या मॅच दुसरं कोणीच हरलेलं नव्हतं. मी तिथे शिकत होते तेव्हा शनिवारी पार्किंगच्या मैदानात ही गर्दी, गाड्यांच्या मागे ग्रिल पेटलेल्या, बर्गरचा धूर, पोरं कॉर्नहोल, म्हणजे फळीच्या भोकात पिशव्या टाकायचा खेळ, खेळतायत, मॅच सुरू झाल्याचा आवाज आतून येतोय आणि तरी निम्मी माणसं जागची हलत नाहीत. जे आत जायचे ते हाफटाइमला बाहेर येऊन परत गाडीपाशी. पूर्वेकडच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमचे बाक नुसते उन्हात चमकत असायचे, कारण त्यांच्यावर बसलेलं कुणी नसायचंच.

२०२३ ला ३ जिंकल्या, ९ हरल्या. कोच काढला आणि जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीहून कर्ट सिग्नेटी आणला. हा माणूस मला मनापासून आवडतो. अलाबामात निक सेबन या नावाजलेल्या कोचच्या हाताखाली चांगली नोकरी होती, ती सोडून पन्नाशीच्या उंबरठ्यावर पेन्सिल्व्हेनियातल्या डिव्हिजन टूच्या, म्हणजे खालच्या पातळीवरच्या, लहानशा कॉलेजात हेड कोच म्हणून गेला, तिथून एक एक पायरी चढत वर आला. ब्लूमिंग्टनला आल्या आल्या कोणीतरी विचारलं, पोरांना इकडे येण्यासाठी कसं पटवता, तर म्हणाला, मी जिंकतो, गूगल करा. लोकांना तो माज वाटला. मला नाही वाटला, कारण इतकी वर्षं आम्हाला फक्त नम्र कोच मिळाले होते आणि त्यांचं पुढे काय झालं ते आम्ही पाहिलंय.

मग सीझन. पहिल्या आठ मॅचमध्ये टीम एकदाही, एक मिनिटसुद्धा मागे पडली नाही. नेब्रास्काला ५६-७. मिशिगन स्टेटनं ०-१० असं मागे टाकलं तर पुढचे ४७ पॉइंट्स सगळे आमचे. मिशिगनला २०-१५ हरवलं तो दहावा विजय, आणि इंडियानानं एका सीझनमध्ये दहा मॅच कधीच, म्हणजे कधीच, जिंकल्या नव्हत्या. शेवटी आमच्याच राज्यातली परड्यू, ६६-०. आमची आणि परड्यूची जुनी खुन्नस आहे, ट्रॉफी काय तर विहिरीवरचा ओकच्या लाकडाचा जुना पोहरा, त्याला १९२५ पासून साखळी वाढत आलीय, इंडियाना जिंकली की त्यात इंग्रजी आय अक्षराची कडी, परड्यू जिंकलं की पीची. यंदा आयची कडी लागली. या एका कडीसाठी डोळ्यात पाणी आलेली माणसं मी पाहिलीत.

यातली बरीच पोरं बाहेरून आणलेली हे खरंय, ट्रान्सफर पोर्टलमधून खेळाडूंनी कॉलेज बदलण्याचा जमाना आहे. पण सिग्नेटीनं जेम्स मॅडिसनहून आणलेली एडन फिशर, मिकेल कमारा, डिअँजेलो पाँड्स ही काही मोठ्या कॉलेजांनी पायघड्या घातलेली मुलं नव्हेत. बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, म्हणजे क्वार्टरबॅक, कर्टिस रोर्क कॅनडाचा, तो ओहायो युनिव्हर्सिटीहून (ओहायो स्टेट नव्हे) आला, आणि या महिन्यात बातमी आली की गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं असताना त्यानं अख्खा सीझन खेळून काढला. अशा पोराला कोणी भाडोत्री म्हणालं की माझं डोकं फिरतं.

आता प्लेऑफमधल्या त्या नोटर डेमच्या मॅचबद्दल. वाईट खेळलो, मान्य. रोर्कनं गोललाइनपाशी इंटरसेप्शन दिलं, म्हणजे बॉल थेट त्यांच्या हातात फेकला, आणि लगेच त्यांचा जेरेमाया लव्ह ९८ यार्ड पळत सुटला, तिथेच मॅच फिरली. चौथ्या क्वार्टरमध्ये ३-२० नं मागे असताना सिग्नेटीनं पंट मारायला, म्हणजे बॉल लाथेनं लांब मारून त्यांना देऊन टाकायला, सांगितलं ते मला अजिबात पटलं नाही, तिथे जुगार खेळायलाच हवा होता, सीझनभर बिनधास्त खेळणारा माणूस नेमका तिथे कच खाऊन गेला. शेवटचे दोन टचडाउन आले तेव्हा सगळं संपलेलं होतं, त्यामुळे १७-२७ हा स्कोअर दिसतो तितकी ती मॅच जवळची नव्हती.

पण मग सगळ्यांना एकच माप लावा ना! त्याच पहिल्या राउंडमध्ये टेनेसी ओहायो स्टेटकडून १७-४२ नं हरली, एसएमयू १०-३८ नं हरली, आणि पाहुण्या टीममध्ये सर्वात कमी फरकानं हरलेली टीम इंडियानाच. टेनेसी लायक नव्हती असं स्टुडिओत बसून कोणी बोंबललं नाही, कारण ती एसईसी या दक्षिणेतल्या दबदबा असलेल्या लीगची. ज्या अलाबामाला बाहेर ठेवलं म्हणून एवढी रडारड झाली ती अलाबामा व्हँडरबिल्टकडून हरली होती, ओक्लाहोमाकडून ३-२४ नं हरली होती, आणि ३१ डिसेंबरला बोल गेममध्ये, म्हणजे सीझनअखेरच्या प्लेऑफबाहेरच्या मॅचमध्ये, मिशिगनकडूनही हरली. त्याच मिशिगनला आम्ही नोव्हेंबरात हरवलंय. टीमच्या नावाकडे आणि जुन्या ट्रॉफ्यांकडे बघूनच जागा द्यायच्या असतील तर मॅच खेळवता कशाला? समोर आलेल्या टीमला हरवणं एवढंच पोरांच्या हातात असतं, शेड्यूल त्यांनी बनवलेलं नसतं. आणि त्यांनी नुसतं हरवलं नाही, बहुतेकांना धू धू धुतलं.

रोर्क आता गेला, त्याच्या जागी कॅलहून, म्हणजे बर्कलीच्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीहून, फर्नांडो मेंडोझा येतोय. फिशर, कमारा, पाँड्स, इलायजा सॅरट परत येतायत. आणि पुढच्या, २०२५ च्या सीझनला आयोवा, ऑरेगॉन आणि पेन स्टेट, तिन्ही मॅच बाहेर, त्यांच्या मैदानावर. तेव्हा शेड्यूल सोपं म्हणणाऱ्यांनी ऑक्टोबरात या पोस्टखाली यावं, मी इथेच आहे.