‘नुसत्या चौकश्या आणि तासाचे पैसे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

मानसोपचार सुरू करताना काय अपेक्षा ठेवावी, या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे की, ‘पहिल्या भेटीत समुपदेशक नुसत्या चौकश्या करतो आणि तासाचे पैसे घेतो, माझ्या मेहुण्याने पुन्हा पाऊल टाकले नाही, आणि तुमच्यासारखे सुखवस्तू लोक या चोचल्यांची जाहिरात करतात.’ मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ज्याची आपल्याशी ओळखही नाही अशा माणसाला थेट जाहिरातदार ठरवण्याची ही घाई कोणत्या सभ्यतेत बसते, हे मला उमगलेले नाही. आणि एवढे कडवट लिहिण्याआधी आपण लेख शेवटपर्यंत वाचला असावा, असे प्रतिक्रियेवरून तरी वाटत नाही.

शुल्काविषयी मी लिहायला हवे होते, हे मान्य. खासगी सत्राचा खर्च अनेकांना झेपत नाही. त्यांच्यासाठी शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

आता त्या चौकश्या. झोप किती लागते, भूक कशी आहे, पूर्वी कोणता आजार झाला, कोणती औषधे चालू आहेत, दारू किंवा तंबाखू आहे का, जीव नकोसा वाटतो का, घरात कोणाला मानसिक आजार होता का, हे सारे विचारल्याशिवाय उपचारांची दिशा ठरत नाही. थायरॉइड ग्रंथी मंदावली तरी माणूस खिन्न आणि थकलेला दिसतो, आणि तसे असेल तर केवळ संवादाने ते बरे होणार नाही. याच भेटीत गोपनीयतेच्या मर्यादाही सांगितल्या जायला हव्यात : २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, मात्र कोणाच्या जिवाला धोका असेल तर त्याला अपवाद आहे.

वडील गेल्यानंतर मी स्वतः समुपदेशकासमोरच्या खुर्चीत बसलो आहे, आणि तेही पतसंस्थेतील लिपिकाच्या पगारावर. तेव्हा सुखवस्तूपणाविषयीचे आपले अनुमान आपल्यापाशीच असू द्यावे. समुपदेशक बाईंनी माझ्या दुःखाऐवजी काकांची चौकशी आरंभली, तेव्हा मीही मनातून चिडलो होतो. घरात ज्यांच्याविषयी कोणी बोलत नसे ते काका काही आठवडे न झोपता उधारीवर वस्तू आणत आणि नंतर महिनोन्‌महिने अंथरूण सोडत नसत, हे मी नाइलाजाने सांगितले. त्यावर बाईंनी मला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. काकांसारखा कधी अतिउत्साह तर कधी खोल नैराश्य आणणारा आजार (बायपोलर) घराण्यात असला आणि नैराश्यावरील औषध तेवढेच दिले, तर काहींच्या बाबतीत मन उन्मादाकडे, म्हणजे त्या अतिउत्साहाच्या टोकाकडे, झुकू शकते, हे मला तिथे कळले. औषध लिहून देण्याचा अधिकार समुपदेशकाला नसतो, म्हणून ही पाठवणी. आपण जिला नुसती चौकशी म्हणता, त्या चौकशीमुळे माझे उपचार सावधपणे सुरू झाले. यावर आपल्याकडे काही उत्तर असेल तर ते ऐकायला मी तयार आहे. शेरेबाजी ऐकायला नाही.

‘पूर्वीच्या लोकांना कुठे लागत होते हे सगळे’ आणि ‘गोळ्यांची सवय लागते’ या आपल्या उरलेल्या वाक्यांवर मी वेळ दवडत नाही. त्यांची चर्चा आपण चहाच्या टपरीवर अधिक रंगतदार करू शकाल.

राहता राहिले आपले मेहुणे. समुपदेशक न पटणे यात गैर काही नाही; तसे तोंडावर सांगता येते, दुसऱ्याकडेही जाता येते, आणि चांगला समुपदेशक त्याबद्दल राग धरत नाही. त्यांनी त्या भेटीत आपली नाराजी बोलून दाखवली होती का, आणि त्यानंतर ते आणखी कोणाकडे गेले का, एवढे त्यांनाच विचारून कळवावे. त्यांच्या वतीने आपण तर्क करू नयेत, ही विनंती.