कम्प्लीट लॉग बंडल पाठवा म्हणे

९९ टक्के! सर्व्हरच्या बीएमसीमधून, म्हणजे मशीन लांबून सांभाळता यावं म्हणून त्यात बसवलेल्या चिपमधून, लॉग बंडल (सगळ्या नोंदींची झिप) उतरवत होतो. पाऊण तास रांगत रांगत तो प्रोग्रेस बार ९९ टक्क्यांवर आला आणि तोंडावर काय आदळलं, तर सेशन एक्स्पायर्ड, प्लीज लॉगिन अगेन. अरे मी समोरच बसलोय ना डोळे फाडून! बारकडे बघत बसणं म्हणजे आयडल का? रात्रभर माऊस हलवत बसू का?

बरं, केलं लॉगिन अगेन. तर मॅक्झिमम सेशन्स रीच्ड. म्हणजे मघाशी मला हाकललं तो मीच अजून आत ठाण मांडून बसलोय आणि मलाच आत येऊ देत नाहीये. मग गेलो एसएसएचने, म्हणजे कमांड लाइनवरून, तिथे माझाच क्लायंट उखडला, नो मॅचिंग होस्ट की टाइप, कारण हा डबा ओळख पटवायला फक्त एसएसएच-आरएसए ही जुनी पद्धत ऑफर करतो आणि ती माझ्या क्लायंटने, म्हणजे ओपनएसएसएचने, ८.८ पासून २०२१ मध्येच डिफॉल्टमधून काढून टाकलीये. ती परत चालू करणारा तो लांबलचक मायनस ओ वाला ऑप्शन मला आता रामरक्षेसारखा पाठ झालाय. कसाबसा आत शिरलो, बीएमसी रीसेट मारला, मग बसा वाट बघत. पिंग येईना, पिंग आला तर पेज येईना, पेज आलं तर परत तीच सर्टिफिकेटची वॉर्निंग, ॲडव्हान्स्ड, प्रोसीड. आणि बंडल? गेलं! पहिल्यापासून करा.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, तर इव्हेंट लॉगमध्ये स्वच्छ लिहिलंय, अनकरेक्टेबल ईसीसी, डिम बी२, म्हणजे बी२ खाचेतल्या मेमरीत दुरुस्त न होणारी चूक. स्क्रीनशॉट जोडलाय सर्व्हर कंपनीकडे टाकलेल्या केसला, लाल चौकोन काढून. त्यावर त्यांच्या सपोर्टचं उत्तर, काइंडली शेअर कम्प्लीट लॉग बंडल फॉर फर्दर ॲनालिसिस. कसलं डोंबलाचं ॲनालिसिस? मेमरी गेलीये, मेमरी पाठव! या 'काइंडली'चा तर मला मनापासून तिटकारा आहे, काइंडली आलं की समजायचं आजची झोप गेली. बरं ते बंडल आपण उघडून बघावं म्हटलं तर एन्क्रिप्टेड. सर्व्हर आमचा, वीज आमची, एररही आमचाच, फक्त वाचायची चावी त्यांच्याकडे.

मागच्या केसला तर बंडल पोचलंसुद्धा होतं, तर म्हणे टाइमस्टॅम्प जुळत नाहीत. कसे जुळतील, बीएमसीचं घड्याळ शून्यावर, म्हणजे १ जानेवारी १९७० ला जाऊन बसलेलं. तेव्हा माझ्या आईबाबांची ओळखसुद्धा झाली नव्हती आणि यांची मेमरी म्हणे खराब झाली!

कुणीतरी शहाणा येऊन सांगेलच, रेडफिश वापर की, सर्व्हर लांबून सांभाळायची ती सगळ्या कंपन्यांची सामायिक पद्धत. वापरलं रे बाबा. २०१५ पासून स्टँडर्ड स्टँडर्ड ऐकतोय. कलेक्ट डायग्नोस्टिक डेटा नावाची ॲक्शनपण आहे त्यात, टाइप विचारतात, मॅनेजर, प्री-ओएस, ओएस, ओईएम, आणि आमच्या डब्याला चालतं फक्त ओईएम, कंपनीचं स्वतःचं, म्हणजे स्टँडर्डच्या दारातून आत जायचं आणि परत ज्याच्या त्याच्या घरचे नियम. २०२, म्हणजे 'काम घेतलं', असा कोड येतो, टास्कचा पत्ता मिळतो, त्या पत्त्यावर खेटे घालायचे, रनिंग, रनिंग, रनिंग, एक्सेप्शन. कारण? जनरल एरर. रिझोल्यूशन बघा म्हणतो. रिझोल्यूशनमध्ये काय, तर नन.

जुन्या रॅकचं तर नावच काढू नका. सर्व्हरची स्क्रीन लांबून दाखवणाऱ्या कन्सोलला जेएनएलपी फाइल लागते, ती उघडते जावाच्या वेब स्टार्टमध्ये, आणि जावा ११ ने २०१८ मध्ये वेब स्टार्टच उडवला, म्हणून एक विंडोज ७ चा व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) फक्त त्यासाठी जिवंत ठेवलाय, त्याचं नावच 'हात लावू नका'. ऑडिटवाले दर वेळी नेमके त्यालाच हात लावतात.

हे सगळं मी मोठ्याने बोलत होतो हे आई पाणी प्यायला उठली तेव्हा कळलं. म्हणाली, कुणाशी भांडतोयस एवढ्या रात्री? आता काय सांगू तिला, पंचवीस किलोमीटर लांब एसीत बसलेल्या एका चिपशी, जी मला आयडल समजते. "त्याला नाही कळत ते, झोप," म्हणाली आणि गेली. शांत बसलो मग. माऊस हलवत.

पहाटे कधीतरी झालं एकदाचं डाऊनलोड. अपलोड करायला गेलो तर पोर्टलवर फाइल साइझ एक्सीड्स लिमिट. त्यांचंच टूल, त्यांचीच झिप, त्यांचंच पोर्टल! तुकडे करून पाठवली शेवटी. आता उत्तर आलंय, पार्ट अप्रूव्ह झाला, इंजिनियर आज दुपारी येईल, काइंडली अरेंज गेट पास. डेटा सेंटरच्या गेट पासची रिक्वेस्ट चोवीस तास आधी टाकावी लागते.