रायटिंग सॅम्पल आणि तालुक्याचं कॉलेज : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

अमेरिकेत तत्त्वज्ञानाच्या पीएच.डी.साठी अर्ज कसा करावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : प्रवेश समिती आधी कॉलेजचं नाव बघते, मग शिफारसपत्रांखालच्या सह्या, आणि रायटिंग सॅम्पल, म्हणजे अर्जासोबत जोडायचा स्वतःचा तत्त्वज्ञानविषयक निबंध, वाचायची पाळीच येत नाही. तुमच्या विद्यार्थिनीने आठ ठिकाणी अर्ज केले, आठही ठिकाणांहून नकार आले. अशा वेळी मी लेखात सांगितलं तसं ‘सहा महिने सॅम्पलवर घालवा’ असं सांगणं म्हणजे तालुक्याच्या मुलांना खोटी आशा लावणं आहे.

पैशांबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे. एका अर्जाची फी ७५ ते १०० डॉलरच्या आसपास, म्हणजे आठ अर्जांचे ५०-६० हजार रुपये सहज जातात. काही विद्यापीठं विनंती केली तर फी माफ करतात. पण ते अर्ज भरण्याआधी विचारावं लागतं आणि आपल्या मुलांना हे कुणी सांगत नाही.

नावाचं वजन असतं, हेही खरं. नावाजलेल्या विभागांत दोनशे-तीनशे अर्ज येतात आणि जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पहिल्या चाळणीत गुण, पत्रं, कॉलेज सगळं पाहिलं जातं. पण पाचेक वर्षं ज्याची ट्यूशन माफ करायची, ज्याला स्टायपेंड द्यायचा, तो विचार कसा करतो हे मार्कशीटवरून कळत नाही. शेवटच्या यादीतली निवड करताना प्राध्यापक पंधरा-वीस पानांचं सॅम्पलच घेऊन बसतात. जीआरई ही प्रवेशपरीक्षा तर आता बऱ्याच विभागांनी काढूनच टाकली आहे.

अडचण अशी, की आपल्याकडे असं लिहायला कुणी शिकवलेलंच नसतं. एम.ए.पर्यंत ‘टीपा लिहा’ आणि ‘सविस्तर चर्चा करा’, पुढे प्राध्यापकपदासाठीच्या नेट परीक्षेला सगळे बहुपर्यायी प्रश्न. एका मुलाने मला ‘भारतीय दर्शनांतील अभावविचार’ (एखादी गोष्ट ‘नाही’ हे कसं कळतं) या विषयावर चाळीस पानं पाठवली होती. न्याय, मीमांसा, वेदान्त, बौद्ध, सगळ्यांची मतं ओळीने मांडलेली. माहितीत चूक नाही, मेहनतही भरपूर. पण तो स्वतः काय म्हणतो, ते कुठेच नव्हतं.

त्यातला एकच धागा आम्ही उचलला. ‘श्लोकवार्तिक’ या ग्रंथात मीमांसा दर्शनाचा कुमारिल विचारतो तो प्रश्न आजच्या भाषेत असा : सकाळी मी वाचनालयात बसलो होतो. संध्याकाळी कुणी विचारलं, ‘सकाळी तिथे गणेश होता का?’ सकाळी गणेश माझ्या मनातही नव्हता, तरी मी लगेच सांगतो, ‘नव्हता.’ आता वाचनालय समोर नाही, म्हणजे हे प्रत्यक्ष, इंद्रियांनी मिळालेलं ज्ञान, नव्हे. म्हणून कुमारिल अनुपलब्धी (एखादी गोष्ट न आढळणं) हे वेगळं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं वेगळं साधन, मानतो. यावर नैयायिक, म्हणजे न्याय दर्शन मानणारा, म्हणू शकतो, की अभाव सकाळीच दिसला होता, आता फक्त आठवला. पण ज्याचा विचारच मनात नव्हता, त्याचा अभाव दिसला कसा? सॅम्पल इथे सुरू झालं. नैयायिकाला या प्रश्नातून वाट काढता येते का, एवढंच त्याने अठरा पानांत तपासलं, आणि ‘येत नाही’ हे स्वतःचं मत ठामपणे मांडलं. इंग्रजी साधंच, वाक्यं छोटी. संस्कृत न येणाऱ्या, ज्ञान म्हणजे काय हा विषय (ज्ञानमीमांसा) शिकवणाऱ्या प्राध्यापकालाही ते कळावं याची काळजी घेतली, कारण कित्येक विभागांत भारतीय दर्शनं शिकवणारं कुणीच नसतं.

तुमच्या मुद्द्याचं खरं उत्तर मला यात दिसतं. आपल्याकडची बरीच शिफारसपत्रं ‘प्रामाणिक, मेहनती, वर्तणूक उत्तम’ यापलीकडे जात नाहीत आणि सही ओळखीची नसली की अशा पत्राला वजन राहत नाही. पण पत्रात ‘याने कुमारिलाच्या युक्तिवादातली अमुक पायरी पकडली, मी तमुक आक्षेप घेतला, त्यावर त्याने असं उत्तर दिलं’ असं लिहिलेलं असेल, तर अनोळखी सहीचं पत्रसुद्धा लक्ष देऊन वाचलं जातं. असं पत्र लिहायला शिक्षकाच्या हातात आधी सॅम्पल पडायला हवं. मी सहा महिने म्हणतो ते त्यासाठी.

तुमच्या विद्यार्थिनीला पुन्हा अर्ज करायचा असेल, तर या वेळी पाचच ठिकाणं निवडू द्या, आणि त्यांत एक-दोन एम.ए. असू द्या. जॉर्जिया स्टेट किंवा विस्कॉन्सिन-मिल्वॉकीसारख्या विद्यापीठांत एम.ए.लाही असिस्टंटशिप, म्हणजे विभागात काम करून मिळणारं मानधन, मिळू शकते. पीएच.डी.च्या बहुतेक मुदती डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीला संपतात. तेव्हा तिचा मसुदा ऑगस्टमध्ये तुमच्या टेबलावर यायला हवा. तीस वर्षं तुम्ही तर्कशास्त्र शिकवलंत असं लिहिलंय. त्या मसुद्यावर पहिला कडक आक्षेप तुम्हीच घ्या, आणि तिने काय उत्तर दिलं ते पत्रात लिहा. मला पाठवलात तर मीही मनापासून वाचेन.