कापणार काय?

तयार सुरीला गिऱ्हाइकाविषयी काहीही जाणून घ्यायचे नसते. पैसे मोजावेत, वेष्टन फोडावे (त्यासाठीही सुरी लागते, हा भाग वेगळा) आणि कामाला लागावे. मात्र हाताने घडवलेली, न मिटणारी, पोलाद मुठीच्या टोकापर्यंत अखंड गेलेली सुरी आपल्या मापाने करून घ्यायची म्हटली, की कारागीर आपली अशी उलटतपासणी घेतो की मुरलेल्या वकिलानेही शिकवणी लावावी. आमच्या कारागिरांचा पहिलाच प्रश्न होता, "कापणार काय?"

खरे उत्तर पार्सलची चिकटपट्टी, सुतळी आणि अधूनमधून पेन्सिल एवढेच होते. परंतु इतक्या थोर कलावंतापुढे सुतळीचे नाव काढणे मला प्रशस्त वाटेना, म्हणून मी भारदस्त आवाजात "सर्वसाधारण मैदानी कामे" असे सांगितले.

"म्हणजे लाकूड फोडणार?"

"तशी वेळ आलीच तर."

"मग पात्याची पाठ चार मिलिमीटर तरी ठेवू. पण जाड पाते कापण्याऐवजी पाचरीसारखे फाकवते. नाजूक काम नीट व्हायचे नाही, तेवढे लक्षात घ्या."

सुतळीच्या भवितव्याच्या काळजीने मी तीन मिलिमीटरवर उतरलो. ज्या लाकडाशी माझी अजून ओळखही झालेली नव्हती, ते फोडण्याचा बेत अशा रीतीने तहात गेला.

खरा छळ पोलादापाशी सुरू होतो. १०९५ या पोलादात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो. त्याला धार सुरेख लागते, पण नुसती ओल लागली तरी ते गंजते. ५२१०० हे मुळात बॉल बेअरिंगसाठी आणि एईबी-एल हे दाढीच्या पात्यांसाठी तयार झाले. डी२ मध्ये सुमारे १२ टक्के क्रोमियम असूनही ते पुरते गंजरोधक नसते, कारण त्यातले बरेचसे क्रोमियम कार्बनशी संसार थाटून बसलेले असते आणि गंज अडवायला मोकळे सापडत नाही. हे सारे मी रात्र रात्र वाचले. त्याचा परिणाम एवढाच झाला, की आधी मला एकही पोलाद माहीत नव्हते आणि आता एकाही पोलादावर विश्वास राहिला नाही.

मग कारागिरांनी कठीणपणा विचारला. हिऱ्याचे टोक १५० किलोच्या भाराने पोलादात दाबायचे आणि ते किती खोल रुतले यावरून रॉकवेल आकडा काढायचा, अशी ती परीक्षा असते. सुऱ्यांचा आकडा साधारण ५८ ते ६२ असतो, असे कळताच मी बाणेदारपणे ६४ मागितले. "मोडेन पण वाकणार नाही" हा बाणा ज्या भाषेत कौतुकाने सांगितला जातो, तिच्यात वाढलेल्या माणसाने दुसरे काय मागावे? कारागिरांनी शांतपणे सांगितले, "मोडेलच." पाते ८०० अंशांच्या आसपास तापवून तेलात विझवले की ते विलक्षण कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते, मग अंगातला ताठा उतरवण्यासाठी त्याला २०० अंशांच्या सुमारास दोन-दोन तास, तेही दोनदा, भट्टीत बसवतात. हा उपचार माझ्या परिचयातल्या काही माणसांनाही लागू पडेल, असे वाटून गेले. आम्ही ६० वर समेट केला.

दोन प्रकारच्या पोलादांचे थर एकजीव करून आम्लाने उठवलेली दमास्कस नक्षी मी पाहिली आणि किंमतही पाहिली. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी ती उरात खुपसून घेत नाही, या म्हणीमागे कोणा गिऱ्हाइकाचा अनुभव असावा, हे तेव्हा उमगले.

मुठीचे त्या मानाने लवकर आटोपले. पंजा कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा पाठवली आणि कापडाचे थर राळेत दाबून बनवलेला मायकार्टा निवडला, कारण तो ओला झाला तरी हातातून निसटत नाही. म्यानासाठी मी उत्साहाने चामडे सांगितले, तेव्हा "सुरी फार दिवस त्यात ठेवू नका, चामडे ओल धरते, पाते गंजेल" असा सल्ला मिळाला. सुरीच्या घरात सुरीनेच राहायचे नाही, हा नियम मी निमूटपणे मान्य केला, कारण एव्हाना माझ्यात वाद घालण्याचे त्राण उरले नव्हते. आगाऊ रक्कम भरली. रांगेत माझ्यापुढे बरीच मंडळी होती, आणि या रांगेत कोणी काहीच विचारत नाही, या सुखात मी बरेच महिने आनंदाने काढले.

परवा कारागिरांचा निरोप आला. तेलात विझवताना पात्याला तडा गेला होता. असे होते कधीकधी, काळजी नसावी, नवे पाते करायला घेत आहेत. पुढे अत्यंत सौजन्याने लिहिले होते, "आता पहिल्यापासूनच सुरुवात करायची आहे, तर पोलादाचा पुन्हा एकदा विचार करणार का?"