हॅम्बुर्गचं उदाहरण देऊ नका

पालघरच्या नियोजित वाढवण बंदरावरून आजोळच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपली की कुणीतरी हटकून लिहितं, ‘जर्मनीनं हॅम्बुर्ग चीनला दिलं, आणि आपण बोंबील-कोळंबीसाठी रडत बसलोय.’ मी हॅम्बुर्गला राहतो, म्हणून खाली मला टॅग. दुसरी बाजू म्हणते, ‘बंदरं परक्यांच्या घशात घातली!’ तिलाही साक्षीला मीच हवा. यांना हॅम्बुर्ग माहीत नाही, हे समजू शकतो. पण उरण तालुक्यात राहून तिथलंच न्हावा-शेवा बंदरही माहीत नसावं?

हॅम्बुर्ग कुणी कुणाला दिलेलं नाही. चार कंटेनर टर्मिनलांपैकी एक, टोलरऑर्ट, आणि ते चालवणाऱ्या कंपनीत चीनच्या सरकारी कॉस्कोचा हिस्सा, एवढंच प्रकरण. आधी 35 टक्के ठरले होते. तेव्हाचे चॅन्सेलर शोल्त्स इथलेच माजी महापौर, त्यांना सौदा हवा होता. त्यांच्याच सरकारातली सहा मंत्रालयं विरोधात गेली. ऑक्टोबर 2022 मध्ये आकडा 25 च्या खाली आणला, कारण 25 टक्क्यांपुढे निर्णय अडवून धरता येतो. ठरले 24.99. 62 नंबरच्या फेरीबोटीत माणसं फिशब्रोटशन, म्हणजे मासा घातलेला पाव, खाता खाता त्या उरलेल्या शतांशावर वाद घालत होती. पुढे एमएससी या बड्या जहाज कंपनीला बंदर कंपनीचा निम्म्याच्या आसपास हिस्सा द्यायचा ठरला तेव्हा गोदी कामगार रस्त्यावर उतरले. शहरानं 50.1 टक्के राखले, पण सौदा झालाच. ही शेवटची गोष्ट मी ग्रुपवर सांगत नाही. माझ्या मुद्द्याला ती सोयीची नाही.

आता आपलं बघा. न्हावा-शेवाला पहिलं खासगी टर्मिनल 1999 मध्ये पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीनं सुरू केलं. 2006 मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्डनं अख्खी पी अँड ओ विकत घेतली, आणि अमेरिकेत आभाळ कोसळलं. प्रतिनिधीगृहाच्या समितीनं 62 विरुद्ध 2 मतांनी सौद्याला विरोध केला, बुश नकाराधिकाराची धमकी देत राहिले, शेवटी डीपी वर्ल्डला अमेरिकेतली टर्मिनलं विकावी लागली. त्याच सौद्यात न्हावा-शेवाचं टर्मिनलही दुबईकडे गेलं होतं. आपल्याकडे कुणी हातातला चहाचा कपही खाली ठेवला नाही. मग डेन्मार्कचे मर्स्कवाले आले, सिंगापूरची पीएसए आली. 2022 मध्ये बंदराचं स्वतःचं शेवटचं कंटेनर टर्मिनलही जे. एम. बक्षी आणि फ्रेंच जहाज कंपनी सीएमए यांच्या भागीदारीकडे गेलं. सरकार आता तिथं नुसतं घरमालक आहे.

आणि उरणची माणसं मेली ती कुठल्या परक्या कंपनीशी लढताना नव्हे. जानेवारी 1984 मध्ये जासई-नवघरला दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले, तेव्हा समोर सगळं सरकारीच होतं. मागणी जमिनीच्या योग्य मोबदल्याची होती. जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याची योजना त्यातूनच आली. वाढवणचंही तसंच. 1998 मध्ये तिथं पी अँड ओच येणार होती. न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या डहाणू पर्यावरण प्राधिकरणानं बंदर नाकारलं ते किनारा नाजूक आहे म्हणून. आज 74 टक्के जेएनपीए, म्हणजे न्हावा-शेवाचंच सरकारी प्राधिकरण, आणि 26 टक्के महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड, म्हणजे शंभर टक्के स्वदेशी. मच्छीमार तरी नाहीच म्हणतात.

याच ग्रुपवर अदानींनी इस्रायलचं हैफा बंदर घेतलं तेव्हा तिरंगे फडकले होते. 2021 मध्ये कामगार संघटनांच्या विरोधामुळे कोलंबोनं भारत-जपानला पूर्व टर्मिनलमधून बाहेर काढलं, तेव्हा लंका कृतघ्न ठरली. परकं कोण, हे आपण कुठं उभे आहोत त्यावर ठरतं.

हे लिहिलं तर मामेभावाचं उत्तर आलं, ‘तू कोण बोलणार? तू आता तिकडचा.’ खरंच आहे. माझा पासपोर्ट जर्मन आहे, सोबत भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड आहे. सिंगापूरच्या कंपनीला उरणच्या किनाऱ्यावर 30 वर्षांचा करार मिळतो. मला आजोळी गुंठाभर शेतजमीनही विकत घेता येत नाही. कायदा योग्यच आहे, तिकडे असतो तर त्यासाठी मीच भांडलो असतो. इकडे मी मतदान करतो, कर भरतो. तरी ‘परक्यांना किती हिस्सा द्यायचा’ यावर बोलताना शेजारीण माझ्याकडे बघून वाक्य अर्ध्यावर सोडते, आणि मी घाईघाईनं तिच्या बाजूनं बोलायला लागतो.

मामेभावाला उत्तर दिलं नाही. 24.99 वरचा एक लेख तेवढा ग्रुपवर टाकला. जर्मनमध्ये, भाषांतर न करता.