तिथी विचारली असती तर

स्मरणशक्ती तपासणाऱ्या ‘मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ (एमएमएसई) या चाचणीबद्दलच्या तुमच्या लेखात ‘३० पैकी २४ पेक्षा कमी गुण म्हणजे स्मृतिभ्रंशाची शंका’ असं सरसकट लिहिलंय, ते खटकलं. १९७५ ची ही चाचणी लिहिता-वाचता येतं असंच धरून चालते: वाक्य लिहा, पंचकोन काढा, शंभरातून सात-सात वजा करा. आमची माय परभणीकडच्या खेड्यातली, शाळेचं तोंड न पाहिलेली. तारीख विचारली, ती गप्प बसली, गुण गेले. तिथी विचारली असती तर लगेच सांगितली असती! कापूस वेचणाऱ्या बायांचा आठवड्याचा हिशेब अजून तोंडी करते ती.

हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी याच चाचणीचं हिंदी रूप तयार झालं, १९९५ मध्ये ते प्रसिद्धही झालं. लेखात हे यायलाच हवं होतं. आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या बाया शाळेत गेलेल्याच नाहीत.